रिफंडच्या टक्क्यांवर रिटर्न भरून घेतलं, त्याची गोष्ट

जुलै आला की आमच्या कँटीनमध्ये एकच विषय असतो, तुझा इन्कम टॅक्सचा रिफंड किती आला? २०२४ साली हा प्रश्न मला पहिल्यांदा टोचला. माझा रिफंड शून्य होता. कंपनीने वर्षभरात पगारातूनच ५८,२४० रुपये कर, म्हणजे टीडीएस, कापला होता आणि माझा करही तेवढाच होत होता. माझ्याएवढाच पगार असलेल्या तिघांना मात्र पंचवीस-तीस हजार मिळाले होते.

माझं रिटर्न अगदी साधं. पगाराशिवाय दुसरं उत्पन्न नाही, राहतो ते घर भाड्याचं, शेअर वगैरे काही नाही. म्हणजे आयटीआर-१ हा फॉर्म, ज्याला 'सहज' म्हणतात. तोवर दरवर्षी मी ते स्वतःच भरत होतो. पण मनात आलं, आपल्याला यातलं कळत नसेल. जाणकाराला चार पैसे दिले तर बिघडलं काय? हा विचार चुकीचा नव्हता. गेलो त्या माणसाकडे, ती चूक.

कँटीनमधल्याच एकाने नंबर दिला. एका मोबाइलच्या दुकानामागे छोटी खोली, टेबलावर लॅपटॉप, बाजूला फॉर्म १६ चा, म्हणजे कंपनी देते त्या पगार-टीडीएसच्या दाखल्यांचा गठ्ठा. त्याने पॅन, आधार आणि प्राप्तिकराच्या पोर्टलचा पासवर्ड मागितला. फी विचारली तर म्हणाला, "आत्ता काही नको साहेब, रिफंड आला की दहा टक्के." एवढा रिफंड येणार कुठून, हे मी विचारलं होतं. "कंपनी सगळ्या सवलती धरत नाही, त्या आम्ही धरतो." हे मला पटलं, कारण त्यात थोडं तथ्य असतं. पावत्या वेळेत दिल्या नाहीत तर कंपनी ती वजावट खरंच धरत नाही आणि ती रिटर्नमध्ये मागता येते. पण माझ्या सगळ्या पावत्या कंपनीकडे जानेवारीतच गेलेल्या होत्या. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दोन दिवसांनी शिफ्ट चालू असताना त्याचा फोन आला, "साहेब, ओटीपी आलाय, सांगा." मी मशीनजवळ उभा राहून सहा आकडे वाचून दाखवले. आधारचा तो ओटीपी म्हणजे रिटर्नवरची माझी सही होती. कशावर सही केली, ते मी पाहिलं नाही.

तीन आठवड्यांत २८,०८० रुपये आणि वर थोडं व्याज खात्यात जमा झालं. २,८०० त्याला दिले, उरलेल्यातून मुलीच्या क्लासची फी भरली.

पुढच्या वर्षी, १४ जुलै २०२५ ला, प्राप्तिकर विभागाने देशभरात दीडशे ठिकाणी तपासणी केली. खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढणारे एजंट त्यांनी हेरले होते. बातमीत एक वाक्य होतं की हे लोक रिटर्न भरायला तात्पुरते ईमेल काढतात आणि नंतर सोडून देतात, त्यामुळे नोटिसा कुणी वाचतच नाही. ते वाचून पोटात गोळा आला. वर्षभरात मला पोर्टलवरून एकही मेल आलेला नव्हता.

पासवर्ड त्याने बदलला होता. आधारच्या ओटीपीने मी तो पुन्हा बदलला आणि आत गेलो. प्रोफाइलमध्ये मोबाइल नंबर त्याचा होता, ईमेल कुठलातरी अनोळखी. विभागाने काही कळवलं असतं तरी माझ्यापर्यंत पोचलंच नसतं. मग रिटर्नची पीडीएफ उघडली. कलम ८० जीजीसीखाली राजकीय पक्षाला ६०,००० रुपये देणगी! मी आयुष्यात कुठल्या पक्षाला रुपया दिलेला नाही. त्याखाली कलम ८० डीडी, दिव्यांग अवलंबिताची ७५,००० ची वजावट, आणि अवलंबित म्हणून लिहिलं होतं 'मुलगी'.

माझी मुलगी ठणठणीत आहे. बायकोने ती ओळ दोनदा वाचली आणि लॅपटॉप बंद केला. जिच्या नावावर खोटं लिहून पैसे काढले, तिचीच फी आम्ही त्यातून भरली होती. पैशांपेक्षा हे जास्त लागलं, अजूनही लागतं.

त्याला फोन केला. म्हणाला, "सगळ्यांचं असंच भरतो, काही होत नाही." नंतर नंबर बंद.

मग एका सीएकडे गेलो. त्यांनी आधी फी सांगितली, ठरलेली रक्कम, आणि मग कागद बघितले. त्यांच्याकडून कळलं की फी निकालावर किंवा टक्क्यांवर ठेवायला सीएंना त्यांच्या कायद्यातच सहसा बंदी असते. माझ्या 'जाणकाराने' तर पहिल्याच वाक्यात टक्के सांगितले होते.

सुधारित रिटर्नची मुदत वाढवूनही १५ जानेवारी २०२५ लाच संपली होती. उरलं होतं अपडेटेड रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू. आलेला रिफंड परत, त्यावर व्याज, आणि या सगळ्यावर २५ टक्के जादा कर, असे ऑगस्टमध्ये मी चाळीस हजारांच्या आसपास भरले. आणखी उशीर केला असता तर जादा कराचा टक्का ५०, ६०, ७० असा चढत जातो. विभागाने आधी पकडलं असतं, तर खोटी माहिती दिल्याबद्दल कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड होता, म्हणजे आणखी छप्पन हजार. आणि विभागाच्या लेखी जबाबदार मीच. पॅन माझा, सही माझी.

यंदाचं रिटर्न मी पुन्हा स्वतः भरलं. पगार, टीडीएस, बँकेचं व्याज, सगळं पोर्टलवर आधीच भरलेलं येतं. फॉर्म १६, २६एएस (कापलेल्या कराचा तक्ता) आणि एआयएस (विभागाकडे असलेली माझ्या उत्पन्नाची-व्यवहारांची नोंद) समोर ठेवून आकडे ताडले, पाऊण तास लागला. शेअर विकले, घर विकलं, धंदा सुरू केला तर मी सीएला आनंदाने पैसे देईन, पण ठरलेली फी देईन. भरलेलं रिटर्न वाचल्याशिवाय ओटीपी सांगणार नाही आणि प्रोफाइलला नंबर माझाच राहील.

आमच्या विभागातले सातजण त्या माणसाकडे गेले होते. मी प्रत्येकाला बाजूला घेऊन सांगितलं. चौघांनी लॉगिन करून पाहिलं, चौघांच्याही प्रोफाइलला तोच मोबाइल नंबर निघाला. दोघांनी आयटीआर-यू भरलं. उरलेल्या तिघांनी अजून उघडून पाहिलेलं नाही, मी रोज विचारतो.