नऊ महिने पॉवर बीआय: आलेख आठवड्यात झाले, 'उशीर' म्हणजे काय हे ठरायला दोन महिने लागले

यंत्रांचे सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत मी ऑर्डरी आणि पाठवणीचा हिशेब बघते. प्रोग्रामर नाही. एक्सेलमधलं व्हीलुकअप आणि पिव्होट टेबल येतात, एवढंच माझं भांडवल. एक्सेलच्या एका शीटवर १०,४८,५७६ ओळी मावतात म्हणे, पण सूत्रांनी लगडलेली आमची फाइल त्याच्या निम्म्यावरच धापा टाकायला लागली. सकाळी ती उघडायला लावायची आणि तोवर दुसरं काम करून यायचं, हे रोजचंच झालं तेव्हा पॉवर बीआय घेतलं, म्हणजे माहितीवरून आलेख आणि रिपोर्ट बनवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर.

पहिला आठवडा नुसती मौज. बार, नकाशे, गोल डायल, सगळं एका पानावर. साहेब 'वा' म्हणाले. त्यातलं एकही पान आज शिल्लक नाही.

टिकली ती पॉवर क्वेरी. आलेली माहिती स्वच्छ करून एका साच्यात बसवणारा हा भाग. पूर्वी दर महिन्याला प्रत्येक गोदामाची फाइल उघडायची, वरच्या तीन ओळी उडवायच्या, बाकीचं कॉपी करून खाली चिकटवायचं. आता फाइल ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकली की झालं. प्रत्येक पायरी नोंदलेली राहते, त्यामुळे 'हा आकडा आला कुठून?' असं कुणी विचारलं तर मागे जाऊन दाखवता येतं. आडवे पसरलेले महिन्यांचे रकाने 'अनपिव्होट'ने उभे झाले, त्या दिवशी मला खरंच गहिवरून आलं होतं. एक मात्र सांगते: तुमची अडचण एवढीच असेल तर पॉवर बीआय घेऊच नका. हीच पॉवर क्वेरी २०१६पासून एक्सेलच्या डेटा टॅबमध्ये आहे. आमच्याकडे तीन वर्षं ती कुणी उघडूनसुद्धा पाहिली नव्हती.

पहिला मोठा फटका तारखांनी दिला. एका गोदामाच्या फाइलमध्ये तारखा मजकूर म्हणून यायच्या, आधी दिवस मग महिना. माझ्या फाइलची प्रादेशिक मांडणी उलटी, आधी महिना. त्यामुळे १३ तारखेपासून पुढच्या सगळ्या ओळींवर 'एरर' आला, कारण तेरावा महिना नसतो. मी शहाणपणाने 'रिमूव्ह एरर्स' दाबलं आणि पुढे गेले. खरा घोळ उरलेल्या ओळींत होता. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल, ती निमूटपणे ४ मार्च झाली होती. म्हणजे ज्या ओळी ओरडत होत्या त्या मी फेकल्या आणि खोट्या ठेवल्या. आता तारखेचा प्रकार 'युजिंग लोकेल'नेच (तारीख कुठल्या देशाच्या पद्धतीने लिहिली आहे ते सांगणारा पर्याय) बदलते आणि एररच्या ओळी काढायच्या आधी मोजते.

दुसरी गोम कळायला एक अख्खी दुपार गेली. पॉवर क्वेरीला लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी दिसतात, पुढच्या डेटा मॉडेलला, म्हणजे तक्ते एकमेकांना जोडणाऱ्या भागाला, ती एकच वाटतात. मी वस्तूंच्या यादीतून डुप्लिकेट काढले, तरी दोन तक्त्यांचं नातं जोडताना 'या रकान्यात डुप्लिकेट आहेत' असा हट्ट. एकच कोड दोघांनी दोन तऱ्हेने टाइप केला होता. आधी सगळं मोठ्या अक्षरांत करून घ्यावं, मग डुप्लिकेट काढावेत.

डॅक्सबद्दल, म्हणजे पॉवर बीआयच्या सूत्रांच्या भाषेबद्दल थोडक्यात: एक्सेलच्या सूत्रांसारखं दिसतं, पण तसं नाही. त्यातलं 'कॅल्क्युलेट' हे फंक्शन समजलं असं मला तीनदा वाटलं. तिसऱ्यांदा बहुतेक खरंच समजलं.

आता मुख्य गोष्ट. 'वेळेवर पोचलेल्या ऑर्डरी किती टक्के?' हा साहेबांचा आवडता प्रश्न. विक्री विभाग ग्राहकाला दिलेल्या तारखेपासून मोजायचा. गोदामवाले माल गाडीत चढला की 'झालं' म्हणायचे. वाहतूकवाले ग्राहकाच्या सहीपर्यंत थांबायचे, पण ग्राहकानेच तारीख पुढे ढकलली असेल तर ती ऑर्डर हिशेबातच धरत नव्हते. तिघांच्या तीन एक्सेल, तीन आकडे, आणि तिघांचंही गणित चोख. इतकी वर्षं हे तीन आकडे कधी एकमेकांसमोर आलेच नव्हते. एकाच पडद्यावर एकच आकडा दाखवायचा म्हटल्यावर आले. पहिल्या बैठकीत सॉफ्टवेअरच चुकीचं आहे असं ठरलं. दुसऱ्या बैठकीत मी चुकीची आहे असं ठरलं. अर्धवट पोचलेल्या ऑर्डरीचं काय, हा प्रश्न चौथ्या बैठकीत निघाला आणि सगळे गप्प झाले. शेवटी व्याख्या कागदावर उतरली: दिलेल्या मूळ तारखेपर्यंत ऑर्डरीतली शेवटची वस्तू पोचली तरच वेळेवर. आकडा अर्थातच घसरला. पण आता रिपोर्टमध्ये त्या आकड्यावर माउस नेला की ही व्याख्या दिसते, आणि बैठकीत वाद निघालाच तर उशीर का झाला यावर निघतो.

त्यातच सरासरीचा सापळा. मी आधी गोदामांच्या टक्क्यांची सरासरी काढत होते. समजा एका गोदामाच्या १० ऑर्डरींपैकी ९ वेळेवर, म्हणजे ९० टक्के. दुसऱ्याच्या ९९० पैकी ४९५, म्हणजे ५० टक्के. सरासरी ७०, छान वाटतं. प्रत्यक्षात १,००० पैकी ५०४, म्हणजे ५०.४ टक्के. टक्क्यांचा रकाना आणूच नये. अंश आणि छेद वेगळे आणावेत आणि भागाकार डॅक्सच्या 'डिव्हाइड' फंक्शनवर सोपवावा.

फाइल फुगली तेव्हा कळलं की पॉवर बीआयचं इंजिन रकान्यागणिक साठवण करतं, आणि रकान्यात वेगवेगळी मूल्यं जितकी जास्त तितकी जागा जास्त. सेकंदापर्यंतची तारीख-वेळ म्हणजे जवळपास प्रत्येक ओळ वेगळी. वेळेचा भाग मला लागतच नव्हता, तो काढला. 'ऑटो डेट/टाइम' बंद केलं, कारण ते प्रत्येक तारीख-रकान्यामागे एक लपलेलं कॅलेंडर तयार करतं. फाइल निम्म्याहून लहान झाली.

सहाव्या महिन्यातली फजिती माझीच. एका सर्व्हरचा पासवर्ड बदलला आणि रोजचं रिफ्रेश, म्हणजे नवी माहिती आपोआप ओढून घेणं, बंद पडलं. तशी मेल येते, आली होती. पण रिपोर्टच्या सगळ्या मेल वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचा नियम मीच लावून ठेवला होता. लागोपाठ चार वेळा रिफ्रेश फसलं की वेळापत्रकच थांबतं, तेही झालं. आठवडाभर सगळे शिळे आकडे बघत होते, आणि एकानेही विचारलं नाही. चुकीपेक्षा हे जास्त लागलं. मग कोण काय उघडतं ती आकडेवारी पाहिली. अकरा पानांपैकी दोनच पानं बघितली जात होती. नऊ पानं उडवली, तरी कुणी तक्रार केली नाही. उरलेल्या दोन्ही पानांवर आता 'शेवटचं रिफ्रेश' ठळक दिसतं.

घरखर्चासाठीही करून पाहिलं. दीड महिन्यात सोडलं. महिन्याला साठ-सत्तर नोंदींना एवढा पसारा कशाला? साधी शीट पुरते.

घ्यायचा विचार असेल तर दोन गोष्टी आधी बघा. डेस्कटॉप आवृत्ती फुकट आहे, पण फक्त विंडोजवर चालते. आणि 'प्रो' या पैसे भरून घ्यायच्या परवान्यात ठरवून दिलेलं रिफ्रेश दिवसाला आठ वेळाच होतं. मिनिटामिनिटाला ताजा आकडा हवा असेल तर वेगळी व्यवस्था लागेल.

आमच्याकडे सध्या 'परत आलेला माल' या शब्दावर अडलंय. ग्राहकाने दारातूनच परत पाठवलेला धरायचा की नाही? दोन बैठका झाल्या, तिसरी बुधवारी आहे.