इनोसन्स प्रोजेक्ट: सुटकेनंतरही सोबत करणारी सेवा

वकील बॅरी शेक आणि पीटर न्यूफेल्ड यांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेली ही सेवा चुकीने दोषी ठरवलेल्यांना सोडवण्यासाठी लढते आणि कैद्याकडून फी घेत नाही. तिचा कणा डीएनए तपासणी. पण गुन्ह्याच्या तपासातला जुना नमुना हरवला किंवा नष्ट झाला, की तिथेच घोडं अडतं. डीएनएने उलटलेल्या निकालांत साक्षीदाराने चुकीचा माणूस ओळखणं हे सर्वांत मोठं कारण दिसतं.

सुटकेनंतर घर, ओळखपत्र, उपचार यांसाठी समाजसेवक मदत करतात. मला हीच बाजू सर्वांत मोलाची वाटते, कारण पॅरोलवर सुटलेल्यांसाठीची व्यवस्था निर्दोष ठरलेल्याला अनेकदा मिळतच नाही! भरपाईसुद्धा राज्यागणिक वेगळी. टेक्सासमध्ये तुरुंगातल्या दर वर्षामागे ८०,००० डॉलर, तर काही राज्यांत तसा कायदाच नाही.