क्लोन झाला म्हणजे नवी डिस्क खरी असं समजू नका

सी ड्राइव्ह लाल दिसू लागला की मोठ्या डिस्कची शोधाशोध सुरू होते. २ टीबीची सॅटा एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी डिस्क) नेहमीच्या भावाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात मिळते, डबा सीलबंद, वर वॉरंटीही छापलेली. फसवणूक तिथेच होते, पण कळते महिन्या-दोन महिन्यांनी. तोवर जुनी डिस्क पुसून दुसऱ्या कामाला लागलेली असते, आणि खरं नुकसान त्यानं होतं.

अशा डिस्कमध्ये चिप असते जेमतेम २५६ जीबीची. कंट्रोलरचं, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या चिपचं, फर्मवेअर (आतला प्रोग्राम) बदलून तिला २ टीबी सांगायला लावलेलं असतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये १८६३ जीबी दिसतात. खऱ्या २ टीबी डिस्कवरही तेवढेच दिसतात, त्यामुळे त्यावरून काहीच कळत नाही. जुन्या २४० जीबीच्या डिस्कवरचा डेटा नव्या डिस्कवर आरामात मावतो, क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची विंडोजसकट हुबेहूब नक्कल, शंभर टक्के पुरा होतो, विंडोज झटकन सुरू होतं. बसवणारा आणि बसवून घेणारा, दोघंही समाधानी.

मग रोजचा डेटा साठत जातो. खरी जागा संपली की पुढचं लिखाण एकतर कुठेच होत नाही, किंवा आधीच्या डेटावर जाऊन बसतं. फाइलचं नाव दिसतं, साइझ बरोबर दिसते. फोटो उघडला की वरची पट्टी ठीक आणि खाली सगळा करडा. विंडोजच्याच फाइलींवर लिखाण गेलं की निळा स्क्रीन. लोक फॉरमॅट मारतात, डिस्क रिकामी होते आणि पुन्हा काही दिवस बरी चालते. म्हणून संशय डिस्कवर न जाता विंडोजवर जातो.

वजनावरून निदान करू नका; चांगल्या कंपनीच्या अडीच इंची डिस्कमध्येही बोर्ड अर्धाच असतो. उघडूनही पाहू नका, वॉरंटी जाते. डिस्क काठोकाठ भरून परत वाचून बघणं, हीच खरी परीक्षा, आणि ती क्लोनच्या आधी.

नवी डिस्क यूएसबी ३च्या केसिंगमध्ये (बाहेरून जोडायच्या डबीत) घालून एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या प्रकारात फॉरमॅट करा आणि अशी भरून-वाचून परीक्षा घेणारा एचटूटेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्राम पूर्ण जागेवर चालवा. लिनक्सवर त्याच कामाला एफथ्री आहे. सेकंदाला ४०० एमबीचा वेग टिकला तर लिहिणं आणि वाचणं मिळून तीनेक तास लागतात. स्वस्त डिस्क मध्यावर मंदावते. तेवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. वाचताना एक जरी चूक निघाली तर मात्र डिस्क परत करा. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये डिस्क चालू राहिल्याचे तासही बघा: ‘नवी’ म्हणून घेतलेल्या डिस्कवर शेकडो तास असतील तर ती वापरलेली आहे. शून्य तास दिसले तरी निश्चिंत होऊ नका, ते आकडे मागे नेता येतात.

क्लोनच्या आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. क्लोननंतर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढलेलीच असू द्या, नाहीतर मशीन नेमकं कुठून सुरू झालं ते समजत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्ह वाढवायचं ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ करडं दिसलं तर घाबरू नका. बहुतेक वेळा सी आणि रिकाम्या जागेच्या मध्ये रिकव्हरी पार्टिशन (विंडोज दुरुस्तीसाठी राखलेला भाग) आलेलं असतं. ते शेवटाला सरकवलं की काम होतं.

जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नका, ‘एक्स्चेंज’मध्ये तर नाहीच. क्विक फॉरमॅटनं हार्ड डिस्कवरचा डेटा पुसला जात नाही. बँकेची कागदपत्रं, आधारच्या स्कॅन केलेल्या प्रती सहज परत निघतात. घरी आणा, तारखेची चिठ्ठी लावा आणि किमान दोन महिने तिला हात लावू नका.

बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, ऑनलाइन मागवलीत तर डबा उघडतानाचा व्हिडिओ काढा. चाचणीत डिस्क नापास झाली तर निकालाचा स्क्रीनशॉट बिलासोबत जोडून आधी विक्रेत्याकडे लेखी परतावा मागा. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.