'रिझर्व्हॉयर डॉग्ज' की 'पल्प फिक्शन': रात्रभर वाद घालायला कुठला लावावा?

चार-सहा जणांनी मिळून क्वेंटिन टॅरेंटिनो या अमेरिकन दिग्दर्शकाचा सिनेमा बघायचा आणि नंतर त्यातल्या न उलगडलेल्या गोष्टींवर मनसोक्त भांडायचं ठरवलं, की यादी लगेच दोन नावांवर येते. एक १९९२ चा 'रिझर्व्हॉयर डॉग्ज', दुसरा १९९४ चा 'पल्प फिक्शन'. दोन्ही तुम्ही एकदा तरी बघितलेत असं धरून लिहितोय, कारण शेवटापर्यंतचं सगळं बोलावं लागणार आहे. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मित्राच्या माडीवर प्रोजेक्टर लावून आम्ही दोन्ही बघितले, वेगवेगळ्या मंडळींबरोबर बघितले. आता नवीन माणसं आली की कुठला लावायचा हे माझ्यापुरतं ठरून गेलंय. तुमचं वेगळं ठरू शकेल, म्हणून कारणं मांडतो.

आधी 'पल्प फिक्शन'. त्यात कोडी भरपूर आहेत आणि काही तर फार सुरेख आहेत. माझं सगळ्यात आवडतं कोडं बुचच्या स्वयंपाकघरातलं. टोळीप्रमुख मार्सेलसला फसवून पळालेला बॉक्सर बुच घड्याळ न्यायला घरी येतो, ओट्यावर सायलेन्सर लावलेली बंदूक पडलेली असते, आणि मार्सेलसचा मारेकरी व्हिन्सेंट संडासातून पुस्तक हातात घेऊन बाहेर येतो. इतका मुरलेला माणूस हत्यार असं उघड्यावर ठेवून आत जाईल? मग ती बंदूक कुणाची? थोड्याच वेळानं मार्सेलस रस्ता ओलांडताना दिसतो, हातात खाण्याचा बॉक्स आणि कॉफी. व्हिन्सेंटचा जोडीदार ज्यूल्सनं तोवर धंदा सोडलेला आहे. म्हणजे त्याच्या जागी मालक स्वतःच व्हिन्सेंटबरोबर पहाऱ्याला बसला होता, आणि बंदूक त्याची, असा अंदाज बांधता येतो. सिनेमात हे कुणीही बोलून दाखवत नाही. बघणाऱ्यानं एकेक तुकडा जुळवायचा. असं कोडं मला मनापासून आवडतं.

भिंतीवरच्या गोळ्यांचंही तसंच. लपलेला पोरगा बाहेर येऊन ज्यूल्स आणि व्हिन्सेंटवर अख्खी रिव्हॉल्व्हर रिकामी करतो आणि एकही गोळी लागत नाही. ज्यूल्स म्हणतो हा दैवी संकेत, व्हिन्सेंट म्हणतो नशीब. तो प्रसंग थांबवून बघा: पोरानं गोळ्या झाडायच्या आधीच त्यांच्या मागच्या भिंतीला भोकं दिसतात. चित्रीकरणातली चूक, एवढंच. पण एकदा ती दिसली की प्रश्न मोठा होतो, कारण ज्यानं संकेत मानला तो धंदा सोडून वाचतो आणि ज्यानं हसण्यावारी नेलं तो पुढं बुचच्या घरात मरतो. सिनेमा उलटसुलट क्रमानं सांगितल्यामुळं शेवटच्या प्रसंगात दोघंही जिवंत, हॉटेलातून बाहेर पडताना दिसतात, आणि व्हिन्सेंटचं पुढं काय होणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. या एका रचनेसाठी पटकथेला मिळालेलं ऑस्कर मला पूर्ण पटतं.

मग अडलं कुठं? ब्रीफकेसवर.

ज्यूल्स आणि व्हिन्सेंट मार्सेलससाठी परत आणतात त्या ब्रीफकेसनं आमच्या माडीवरच्या किती रात्री खाल्ल्या, सांगता येत नाही. कुलपाचा आकडा ६६६, उघडल्यावर सोनेरी उजेड, बघणाऱ्याचा आ वासलेला. आत काय आहे हे कधीच दिसत नाही. दिवे लागले रे लागले की कुणीतरी म्हणतंच, "अवो, त्यात त्याचा आत्मा हाय. मानंवरची पट्टी बघितली न्हाई व्हय?" मार्सेलसच्या मानेवरची पट्टी म्हणजे सैतानानं तिथून आत्मा काढून घेतल्याची खूण, असा तो सिद्धांत. हा कुणी स्वतः शोधलेला नसतो. मोबाईलवर वाचलेला असतो, आणि वाचलेला असल्यामुळं अगदी ठामपणे सांगितला जातो. दुसरा म्हणतो हिरे, आणि पहिल्या विचारात खरोखर हिरेच होते. तिसरा सांगतो की पट्टी नटाच्या मानेवरच्या खुणेमुळं लावली होती. टॅरेंटिनोनं स्वतः सांगून टाकलंय की बघणाऱ्याला जे वाटेल ते आत आहे. यातलं काहीही खोटं ठरवायला सिनेमात पुरावा नाही आणि खरं ठरवायलाही नाही. त्यामुळं वाद पुढं सरकत नाही, नुसता गोल फिरतो. स्वयंपाकघरातली बंदूक, भिंतीची भोकं, हॉटेलात लुटायला उठलेल्या बाईचं वाक्य सुरुवातीला एक आणि शेवटी थोडं वेगळं ऐकू येतं ती गंमत, इथवर पोचेपर्यंत लोक जांभया देऊन चपला शोधायला लागलेले असतात.

मला खरं खटकतं ते वेगळंच. बॅगेत काहीही असलं तरी कुणाचाच निर्णय बदलत नाही. आत्मा असो, हिरे असोत, ज्यूल्स हॉटेलात तेच करणार. ज्या प्रश्नाच्या उत्तरानं माणसं जराही वेगळी दिसत नाहीत, त्यावर दोन तास घालवायचं माझ्या जिवावर येतं. कुणाला यातच मजा वाटत असेल, त्याला मी नावं ठेवत नाही.

'रिझर्व्हॉयर डॉग्ज'मध्ये सगळा घोळ दरोड्याचा, आणि दरोडाच दाखवलेला नाही. टोळीतल्यांनी एकमेकांना खरं नाव सांगायचं नाही, म्हणून म्होरक्या जोनं प्रत्येकाला रंगाचं टोपणनाव दिलेलं, आणि दागिन्यांच्या दुकानात काय झालं ते आपल्याला फक्त तोंडातोंडी कळतं. पिंक म्हणतो पोलीस आधीच दबा धरून होते. व्हाइट म्हणतो ब्लाँड वेड्यासारखा गोळ्या झाडत सुटला. ब्लाँडची बाजू निराळी. ब्ल्यू मेला हेही आपण फक्त जोच्या तोंडून ऐकतो. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती बघून बाहेर पडताना पाठ टेकली की नाही यावर पूर्वेकडं बसलेले आणि पश्चिमेकडं बसलेले जसे भांडतात, तसं आपल्याला इथं करावं लागतं: कोण कुठं उभा होता, त्याला काय दिसलं असेल, आणि खोटं बोलण्यात त्याचा फायदा काय.

त्यातच टॅरेंटिनो एक भारी गोष्ट करतो. पोलिसांचा माणूस असलेला ऑरेंज टोळीचा विश्वास मिळवायला एक रचलेला किस्सा पाठ करतो: गांजा भरलेली बॅग घेऊन तो स्वच्छतागृहात शिरतो आणि समोर पोलीस कुत्रा घेऊन उभे. घडलेलंच नाही ते. तरीही पडद्यावर आपल्याला पोलीस दिसतात, कुत्रा भुंकतो, हात वाळवायच्या यंत्राचा आवाज घुमतो, आणि ऑरेंज तिथं मधोमध उभा राहून आपली थाप सांगतो. आमच्याकडं हा प्रसंग झाला की कुणीतरी हमखास विचारतं, मग बाकीच्या मागच्या आठवणी खऱ्या कशावरून? हा प्रश्न सिनेमा बघूनच पडतो, कुठं वाचावा लागत नाही.

आणि जोच्या पोराला, एडीला, कुणी मारलं? जोची बंदूक ऑरेंजवर, व्हाइटची जोवर, एडीची व्हाइटवर. एडीवर कुणाचीच नाही. गोळ्या सुटतात आणि एडीही पडतो. याचं साधं उत्तर सांगून टाकतो, म्हणजे त्यात वेळ जायला नको. व्हाइटनंच जोपाठोपाठ एडीलाही मारायचं ठरलं होतं, पण गोळी लागल्याचं दाखवायला कपड्यांखाली लावतात त्या छोट्या स्फोटकाची, म्हणजे स्क्विबची, वेळ चुकली, आणि तो शॉट तसाच ठेवला गेला. मानेवरच्या पट्टीचंही असंच बाहेरचं उत्तर आहे, मग फरक काय, असं तुम्ही विचाराल. फरक असा की इथं उत्तर मिळाल्यावर बोलणं संपत नाही, उलट खरा प्रश्न मोकळा होतो: इतक्या वर्षांच्या जोवर व्हाइट बंदूक रोखतो, तीही काल-परवा भेटलेल्या पोरासाठी, ती का? मोटारीत रक्तात लोळणाऱ्या ऑरेंजचा हात धरून, स्वतःचं खरं नाव सांगून बसलेला व्हाइट आठवा. मग त्याला मागं फिरायची वाटच राहत नाही.

त्रास या सिनेमातही आहे. ब्लाँड पकडून आणलेल्या पोलिसाचा कान कापतो तो प्रसंग. कॅमेरा नेमक्या क्षणी बाजूला वळतो, तरी आमच्यातल्या एकानं नंतर शपथेवर सांगितलं की कापताना त्याला दिसलं. तो प्रसंग सगळ्यांना झेपतो असं नाही. आमच्याकडंही काहीजण तेवढ्यापुरते गॅलरीत जाऊन उभे राहिले. घरात वडीलधारी असतील, किंवा येणाऱ्यांना हा दिग्दर्शक अगदीच नवा असेल, तर 'पल्प फिक्शन' सोयीचा. त्यात हसायला जागा आहेत, हिंसेनंतर श्वास घ्यायला वेळ मिळतो. फक्त तो अडीच तासांहून मोठा आहे. आठ वाजता लावला तर जेवणंखाणं धरून बोलायला फार वेळ उरत नाही. 'डॉग्ज' दीड तासाच्या थोडा पुढं संपतो.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. हिरे घेऊन पळालेल्या पिंकचं पुढं काय झालं ते दाखवलेलं नाही, पण शेवटी मागच्या आवाजात ते ऐकू येतं: सायरन, ओरडा, गोळ्या. लॅपटॉपच्या स्पीकरवर ते पार हरवतं आणि लोक खुशाल म्हणतात, तो निसटला. बाहेरचा स्पीकर लावा, शेवटी कुणाला बोलू देऊ नका.

दिवे लागल्यावर मी पहिला प्रश्न ठरलेलाच टाकतो. व्हाइटनं ज्याच्यासाठी सगळं गमावलं तो ऑरेंज, मरायला टेकलेला असताना, आपण पोलीस आहोत हे त्याला का सांगतो? गप्प राहिला असता तर कदाचित वाचला असता, पोलीस दारात आलेच होते. मित्राचं म्हणणं, वेदनेनं त्याचं भान सुटलं. मला वाटतं, एवढ्या विश्वासाचं ओझं घेऊन त्याला मरवेना. पडद्यावर फक्त व्हाइटचा चेहरा आहे, गोळी झाडल्याचे आवाज चौकटीबाहेरून येतात; त्यामुळं व्हाइटनं त्याला मारलं की नाही, इथपासूनच आमची पुन्हा सुरुवात होते. 'पल्प फिक्शन'नंतर असं कधी झालेलं मला आठवत नाही, म्हणून माझा कौल 'डॉग्ज'ला.