थॉनी, पायचार्म की व्हीएस कोड? हळदीच्या सौद्यांची फाईल पायथनमध्ये उघडण्यापूर्वी

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांची एक्सेल फाईल पायथनमध्ये उघडायची आहे, असं धरून चालू. त्याला दोन लायब्ररी (तयार कोडचे संच) लागतात: पांडाज आणि ओपनपायएक्सेल. दुसरी हमखास राहून जाते, कारण पांडाजबरोबर ती आपोआप येत नाही.

थॉनी, पायचार्म आणि व्हीएस कोड हे तिन्ही एडिटर, म्हणजे कोड लिहायचे आणि चालवायचे प्रोग्राम. त्यांचं रंगरूप नंतर बघा. लायब्ररी नेमक्या कुठल्या पायथनमध्ये जाऊन बसते, हे आधी बघा. एका मशीनवर दोन-तीन पायथन सहज असतात. पिप (लायब्ररी बसवणारा प्रोग्राम) एकात इन्स्टॉल करतो, एडिटर दुसरंच चालवतो आणि 'मॉड्यूल नॉट फाउंड' येतं.

थॉनीत हा घोळ सहसा होत नाही, कारण ते स्वतःचं पायथन घेऊनच येतं. टूल्समध्ये मॅनेज पॅकेजेस उघडा, नाव शोधा, इन्स्टॉल दाबा. ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवरही ते नीट चालतं. मात्र सगळ्या लायब्ररी एकाच ठिकाणी साठतात. दोन प्रोजेक्टना एकाच लायब्ररीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या लागल्या की अडचण होते. पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी हेच घ्या.

पायचार्म नवीन प्रोजेक्टसोबत वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रोजेक्टच्या लायब्ररींची स्वतंत्र जागा) स्वतःच बनवतं आणि लायब्ररी त्यातच टाकतं. २०२५ पासून मोफत आणि पैशाची आवृत्ती एकत्र झाली आहे. मूळ सोयी मोफतच आहेत. पण रॅम किमान ८ जीबी हवी, नाहीतर इंडेक्सिंग (फाईलींची सूची बनवणं) संपेपर्यंत मशीन रखडतं.

व्हीएस कोडला सर्वांत जास्त पायऱ्या आहेत, तरी पुढे नोकरीत किंवा मोठ्या प्रोजेक्टवर काम करायचं असेल तर आमचा कौल यालाच. पायथन वेगळं इन्स्टॉल करा आणि पहिल्याच खिडकीत 'ॲड टू पाथ'वर टिक करा. मग मायक्रोसॉफ्टचं पायथन एक्स्टेन्शन घ्या. प्रोजेक्टचा फोल्डर उघडा (सुटी फाईल नको), कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून 'क्रिएट एन्व्हायर्नमेंट' निवडा, त्यात 'व्हेन्व'. नंतर नवीन टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा. ओळीच्या सुरुवातीला कंसात एन्व्हायर्नमेंटचं नाव दिसलं की मगच पिप इन्स्टॉल. विंडोज 'स्क्रिप्ट चालवायला मनाई' असं म्हणालं, तर पॉवरशेलची (विंडोजच्या कमांड प्रोग्रामची) एक्झिक्युशन पॉलिसी, म्हणजे स्क्रिप्ट चालवण्याचा नियम, फक्त चालू युजरपुरती 'रिमोटसाइन्ड' करा. तरीही लायब्ररी सापडत नसेल, तर 'सिलेक्ट इंटरप्रिटर'मध्ये तेच एन्व्हायर्नमेंट निवडलंय का ते तपासा.

काही चुका तिन्हीकडे सारख्याच. स्वतःच्या फाईलला पांडाज हेच नाव दिलं, तर इम्पोर्ट करताना खऱ्या लायब्ररीऐवजी तीच फाईल उचलली जाते. 'व्हिज्युअल सी प्लस प्लस १४ हवं' असा एरर आला, तर बहुतेक वेळा तुमच्या पायथनसाठी त्या लायब्ररीची तयार फाईल नसते. तुमच्या पायथनच्या आधीची आवृत्ती घेतली की बरेचदा काम होतं.

सातारा-सांगलीकडच्या गावात नेट अधूनमधून जात असेल, तर चांगल्या नेटवर 'पिप डाउनलोड'ने फाईली पेनड्राइव्हवर घ्या. दोन्ही मशीनवर विंडोज आणि पायथनची आवृत्ती एकच हवी. एन्व्हायर्नमेंटचा फोल्डर मात्र पेनड्राइव्हवरून नेऊ नका. त्यात जुन्या मशीनचे पत्ते पक्के लिहिलेले असतात, म्हणून तो दुसरीकडे चालत नाही. रिक्वायरमेंट्सची फाईल (लागणाऱ्या लायब्ररींची यादी) न्या आणि तिथे नवीन एन्व्हायर्नमेंट बनवा.