मसाला पनीरसाठी लवंग, दालचिनी की ओवा?

घरगुती प्रमाणावर मसाला पनीर, म्हणजे मिरची-जिरं घातलेलं पनीर, करणाऱ्यांना फ्रीजमधल्या पनीरचं आयुष्य थोडं वाढवायचं असतं, पण प्रिझर्व्हेटिव्ह नको असतं. मलाही नको होतं. मग उरतात ही तीन तेलं (कंसात त्यांतलं मुख्य द्रव्य): लवंगेचं (युजेनॉल), दालचिनीचं (सिनामाल्डिहाइड) आणि ओव्याचं (थायमॉल).

प्रयोगशाळेतल्या बशीत तिन्ही तेलं लिस्टेरिया, साल्मोनेला, ई. कोलाय या आजार करणाऱ्या जिवाणूंना रोखतात. पनीरमध्ये मात्र गणित बदलतं. ही द्रव्यं स्निग्धात विरघळतात, त्यामुळे बराचसा भाग पनीरच्या फॅटमध्येच मुरतो आणि जिवाणूंच्या वाट्याला थोडाच येतो. साहजिकच मात्रा वाढवावी लागते. म्हणून कोण जास्त जालीम, यापेक्षा तेवढ्या मात्रेत पनीर खाववतं का, हे मला महत्त्वाचं वाटलं.

दालचिनी लवकर बाजूला पडली. सिनामाल्डिहाइड प्रथिनांशी जुळून जातं, आणि पनीर तर प्रथिनांचाच गोळा. शिवाय मिरची-जिऱ्याच्या पनीरला येणारा गोडसर वास आमच्या घरी कुणालाच रुचला नाही. फळांच्या आंबट रसात ती शोभेल.

लवंगेवर माझी भिस्त होती. पनीर टिकलंही बरं; चिकटपणा आणि आंबूस वास उशिरा आला. पण तुकडा तोंडात टाकला की आधी जिभेचं टोक बधिर व्हायचं, मग मिरची लागायची, तीही अर्धवट. युजेनॉलचा गुणच तो, दाढदुखीवर लवंग लावतात ती त्यासाठीच. पनीर तव्यावर परतलं तरी दातांच्या दवाखान्यातला तो वास मागे रेंगाळायचा. मात्रा कमी केली की वास जायचा, पण टिकणंही जायचं. या एका गोष्टीपायी मी लवंग सोडली. बिर्याणीच्या मटणाला मुरवण करणाऱ्यांना कदाचित ही अडचण येणारही नाही. तिथे लवंग अपेक्षितच असते.

ओवाही उग्र आहे, नाही असं नाही. पण भज्यांत, पुऱ्यांत तो आपण आवडीने खातो, त्यामुळे थोडा पुढे आला तरी जीभ कुरकुरत नाही. माझ्या अनुभवात लवंगेइतकंच टिकलं, निदान नाकाला आणि बोटांना तरी फरक जाणवला नाही. मी खाद्योपयोगी तेलच घेतो, कारण कच्च्या मसाल्यांबरोबर बॅसिलस सेरिअस या अन्न बिघडवून आजार करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू येऊ शकतात. निथळलेल्या पनीरमध्ये मिठाबरोबर हे तेल नीट मळून मग दाब देतो. गरम दुधात घातलं तर बरंचसं वाफेबरोबर उडून जातं.

थोडं लिंबू जास्त पिळता आलं तर बघा. आंबटपणात ही द्रव्यं जास्त चालतात. फ्रीज मात्र यातल्या कशानेच टळत नाही. लिस्टेरिया फ्रीजमध्येही हळूहळू वाढतो, म्हणून विकायला काढण्याआधी किती दिवस टिकतं ते प्रयोगशाळेतून तपासून घ्या आणि तीच मुदत पाकिटावर छापा.