सावीनेल्ली घ्यावा की कास्तेल्लो?

तंबाखू ओढायचा चांगला इटालियन ब्रायर पाइप घ्यायचे ठरवले की नावे पुष्कळ समोर येतात, पण निवड बहुधा पाइप घडवणाऱ्या दोन घरांपाशी येऊन अडते: मिलानचे सावीनेल्ली आणि कान्तूचे कास्तेल्लो. दोन्ही लोम्बार्दी प्रांतातलीच आणि दोघांचे लाकूडही एकाच जातीचे. भूमध्य समुद्राच्या परिसरात वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळापाशी जी घट्ट गाठ धरते, तीच ब्रायर; ती खणून काढून कापतात, कित्येक तास उकळून तिच्यातला रस उतरवतात आणि मग महिनोन्‌महिने सावकाश वाळवतात. तेव्हा कुठे ती निखारा सोसण्याजोगी होते. दोन घरांतला फरक दिसू लागतो तो त्यापुढच्या कामात.

सावीनेल्लीचे मिलानमधले दुकान १८७६ सालचे. संस्थापक अकिल्ले सावीनेल्ली यांच्या नातवाने, त्याचेही नाव अकिल्लेच, १९४८ मध्ये वारेसेजवळ स्वतःचे उत्पादन सुरू केले, आणि आजही हे घर कारखान्याच्या शिस्तीने चालते. प्रत्येक आकाराला क्रमांक असतो, तो दांडीवर ठोकलेला असतो, त्यामुळे आज घेतलेला ३२० केएस आणि दहा वर्षांनी घेतलेला ३२० केएस यांची ठेवण जवळपास सारखीच मिळते. हा आकार बसका, गुबगुबीत आणि जाड भिंतीचा असल्यामुळे मुठीत मावतो आणि हाताला फारसा चटका देत नाही. नवख्याने पहिला पाइप म्हणून याचा विचार जरूर करावा.

या घराचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे बाल्सा लाकडाची त्रिकोणी कांडी. सहा मिलिमीटरची ही कांडी मुखनळीत सरकवली की धुरातला ओलावा शोषून घेते. आपल्याकडे पावसाळ्यात तंबाखू सादळते आणि पाइप गुरगुरू लागतो, तेव्हा तिचा उपयोग विशेष जाणवतो. मात्र तिच्यामुळे ओढ किंचित जड होते आणि चवीची धार थोडी बोथट होते. ज्यांना ती नको त्यांना कांडी काढून टाकता येते.

कास्तेल्लोची स्थापना कार्लो स्कोत्ती यांनी १९४७ मध्ये केली. पुढे त्यांचे जावई फ्रांको कोप्पो यांनी कार्यशाळा सांभाळली. कान्तू हे फर्निचरच्या सुतारांचे गाव, आणि पाइपही तिथे त्याच संयमाने घडतो. संख्या थोडी, हातकाम जास्त. मुखनळीसाठी जुन्या पद्धतीच्या कडक रबराऐवजी अ‍ॅक्रिलिक वापरण्याची वाट या घराने लवकर धरली. रबर उन्हाने आणि हवेने हिरवट-तपकिरी पडते, अ‍ॅक्रिलिक वर्षानुवर्षे झळाळते. दाताला ते कठीण लागते, एवढीच काय ती तक्रार. फिल्टर नाही, ओढ मोकळी असते.

किमतीत दोघांची तुलनाच नाही. कास्तेल्लोचा साध्यातला साधा पाइप घ्यायचा त्या पैशांत सावीनेल्लीचे दोन-तीन चांगले पाइप येतात. जास्तीचा पैसा कशासाठी, हे नीट समजून घ्यावे. गुळगुळीत पाइपची किंमत मुख्यतः लाकडाच्या रेषांची असते: तळापासून काठापर्यंत सरळ चढलेल्या रेषा दुर्मीळ, म्हणून महाग. धुराला त्या रेषा कळत नाहीत. म्हणून ओढण्यासाठीच कास्तेल्लो हवा असेल, तर अवजाराने खरवडून पोवळ्यासारखा खडबडीत केलेला ‘सी रॉक’ घ्यावा; त्याची छिद्रे सरळ, जुळणी तितकीच घट्ट, आणि पकडही अधिक चांगली. उलट सावीनेल्लीच्या स्वस्त मालिकांमध्ये जाड रंगाखाली लांबी (पुट्टी) भरून बुजवलेले खड्डे सापडतात. तिथे चकाकीला भुलण्यापेक्षा त्याच घराचा खडबडीत पाइप घेणे शहाणपणाचे.

संग्रहासाठी मात्र माझा कौल निःसंशय कास्तेल्लोला आहे. त्याचे ठसे वाचणे हाच एक छंद आहे. ‘के’ अक्षरे किती ठोकली आहेत त्यावरून आकारमान कळते, दर्जा नव्हे. विक्रेते पुष्कळदा याचा गोंधळ करतात. अमेरिकेच्या बाजारासाठी गेलेल्या पाइपांच्या मुखनळीवर नेहमीच्या पांढऱ्या पट्टीऐवजी चमकता खडा असतो. त्याहून अधिक नखरा हवा असेल, तर जानकार्लो ग्वीदी यांनी १९८२ मध्ये पेसारोत सुरू केलेल्या सेर याकोपो या घराकडे वळावे. पण पहिल्या खरेदीसाठी ते नाव नव्हे.

संग्रह करणे आणि ओढणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तरी चालते, किंबहुना तेच बरे. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, हा समज खोटा आहे. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग त्यानेही होतो.

वापरलेला पाइप घ्यायचा असेल, तर कोणत्याही घराचा असो, मुखनळी बसवलेली असतानाच पाइप क्लीनर (मऊ धागे गुंडाळलेली बारीक तार) आत घालून पाहावा. तो न अडखळता वाटीच्या तळाशी, मधोमध निघाला पाहिजे. वाटीच्या आत करपून पडलेला खळगा किंवा दांडीच्या तोंडाशी केसासारखी चीर दिसली, तर नाव कितीही मोठे असले तरी सौदा सोडावा. ती चीर बहुतेक वेळा पाइप गरम असतानाच मुखनळी उपसल्याने पडलेली असते, आणि ती चांदीचे कडे बसवून झाकता येते. म्हणून जुन्या पाइपवर कडे दिसले की ते मुळातले आहे की नंतर चढवलेले, हे विक्रेत्याला आधी विचारावे.